ताईचा वाटा

पहाटे तीनला मळ्यातल्या विहिरीवर गेले. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. भाचा म्हणाला होता, "आत्या, तू झोप, मी उठतो." पण ज्येष्ठ वद्य द्वादशीच्या पहाटेचं हे काम माझ्या धाकट्या भावाचं. तो गेल्यापासून ते मी मागून घेतलंय. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं, हिरवं बटण दाबलं. पाइप आधी खोकल्यासारखा नुसती हवा टाकतो, मग गढूळ पाणी, मग हळूहळू निवळशंख. हौद अर्धा भरेस्तोवर बांधावरून बॅटऱ्यांचे उजेड हलायला लागले. दिंडीतल्या बाया आधी येतात, अंधार आहे तोवर अंघोळी उरकतात. पुरुष नंतर.

काल एकादशीला माउलींची, म्हणजे ज्ञानदेवांची, पालखी पुण्याहून निघून, दिवे घाट चढून सासवडला आली. इथं दोन मुक्काम असतात. आज बारस सुटेल, आणि आजच सोपानकाकांची पालखी आमच्या गावातून पंढरीला निघेल. मी सासवडची, त्यामुळे लहानपणापासून हे बघतेय. थोरला भाऊ धाकट्याच्या गावी उतरलेला असतो आणि धाकटा तेव्हाच घर सोडतो. पण दोघं एका वाटेनं जात नाहीत. माउली जेजुरी, लोणंद, फलटण करत जातात, सोपानकाका बारामती, अकलूजच्या बाजूनं. पुढे भंडीशेगावच्या अलीकडे टप्पा म्हणून जागा आहे, तिथं दोन्ही पालख्या समोरासमोर येतात. त्याला बंधुभेट म्हणतात. दोन्ही बाजूंचे मानकरी एकमेकांना नारळ देतात. एवढंच होतं, पण त्या गर्दीत कोरड्या डोळ्यांचं माणूस सापडणं कठीण. मी एकदाच गेले होते तिथवर, धाकट्याबरोबर. त्यानं मला गर्दीतून हात धरून पुढे नेलं होतं. त्याच्या तळहाताला अंजिराच्या चिकानं पडलेल्या चिरा मला अजून माझ्या हातावर जाणवतात.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. वैशाख होता, अंजिराचा मीठा बहार संपत आला होता. अंजीर हे थांबणारं फळ नाही. पहाटे तोडलं तर त्याच दिवशी बाजारात गेलं पाहिजे, दोन दिवसांत ते हातात विरघळतं. सुतकाच्या दहा दिवसांत बागेत कुणी गेलं नाही. अकराव्या दिवशी मी गेले तेव्हा उरलेली फळं झाडावरच उकलली होती, मधमाश्या आणि बुलबुल त्यांवर बसले होते. सगळ्या बागेला आंबूस-गोड वास येत होता. तो वास आला की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्या दिवसांत भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवमाणूस होता." मी मान डोलवायचे. घरात त्याची तसबीर लागली. लग्नातल्या एका घोळक्याच्या फोटोतून त्याचं डोकं काढून फोटोवाल्यानं मोठं केलं होतं, मागे निळा पडदा टाकला होता आणि अंगात कोट घातला होता. वर टायसुद्धा. धाकट्यानं जन्मात कोट घातला नाही. उन्हाळ्यात तर बनियन आणि खांद्यावर पंचा, एवढ्यावर तो बाजारातसुद्धा जायचा. त्या तसबिरीला रोज हार घालताना मला वाटायचं, हा कुणी तरी सज्जन गृहस्थ आहे, पण हा माझा भाऊ नाही. फोटोवाल्यानं आपल्या परीनं मान दिला, त्याच्यावर माझा राग नाही. मला भीती वाटली ती निराळीच. आज कोट चढला आहे, उद्या स्वभावावरही चढेल. दहा वर्षांनी माझ्या भाच्याच्या मुलांना एक कोटवाले आजोबा सांगितले जातील, कधी न चिडणारे, सगळ्यांशी गोड बोलणारे. आणि तो गडी, तो बांधावर तांबडा-लाल होऊन भांडणारा, तो कायमचा जाईल. मरण त्याला एकदा घेऊन गेलं, असं कौतुक त्याला दुसऱ्यांदा नेईल.

म्हणून मी भांडणापासून लिहायला बसले.

वडील गेल्यावर वारसनोंदी झाल्या. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. हे मी शाळेत मुलींना शिकवत होते. आमच्याकडे रीत अशी, की बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडीचोळी करायची आणि माहेर उघडं राहायचं. धाकट्यानं कागद पुढं केला नाही, त्याच्या वतीनं चुलत्यांनी केला. मी म्हणाले, "सही करणार नाही. मला जमीन कसायची नाही, पण माझं नाव सातबाऱ्यावर राहू दे." तो तिथंच बसला होता. तो काही बोलला नाही, उठून गेला. आणि पुढं दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नाही.

दीड वर्ष. एकाच गावात. त्याचा मळा आणि माझं घर यांच्यात कऱ्हेचं पात्र तेवढं आडवं. मी थोरली होते. मला वाटत होतं, मी चुकलेले नाही, मग मी का जाऊ? मी चुकले नव्हतेच, आजही तेच म्हणेन. पण बरोबर असणं आणि दाराशी जाणं यांचा काही संबंध नसतो, हे मला फार उशिरा कळलं. ते मला मुक्ताबाईनं शिकवलं.

ताटीचे अभंग आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेले असतात. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना दार उघडायला सांगते आहे. मी ते वर्षानुवर्षं शिकवले. संतांची लक्षणं, क्षमा, अद्वैत, असं सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण मुलांना मी एक गोष्ट कधी विचारली नाही, कारण ती माझ्याच डोक्यात आली नव्हती. ज्ञानदेवांची इतकी थोरवी जपणाऱ्या परंपरेनं त्यांचा हा रुसवा का जपला असेल? तो सहज गाळता आला असता. भावार्थदीपिका लिहिणारा माणूस दार लावून बसला होता, हे झाकून ठेवणं काही अवघड नव्हतं. पण सातशे वर्षं आपण तो रुसवा गातो आहोत. भिंत चालवल्याची कथा आपण मुलांना सांगतो, पण ज्ञानदेव आपल्याला आपल्या घरातले वाटतात ते त्या लावलेल्या ताटीमुळे. ताटीशी उभी राहिलेली ती पोर होती, चौघांत सगळ्यांत लहान. मान-अपमान, थोरलं-धाकटं, कोण बरोबर, यातलं काही तिनं मध्ये आणलं नाही. मी पन्नाशीची बाई कऱ्हेच्या अलीकडे बसून राहिले.

शेवटी आला तोच. भाऊबीज होती. आदल्या वर्षी मी चंद्राला ओवाळलं होतं, जिला भाऊ नाही तिनं ओवाळावं तसं. या वर्षी संध्याकाळी तो आला, दारात सीताफळांची पाटी ठेवली, चपला काढल्या आणि न बोलता पाटावर येऊन बसला. मीही न बोलता ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात पाहिलं तर दीड वर्षात कानाजवळचे केस पांढरे झाले होते. जेवून उठताना म्हणाला, "डोळा फुटलेली आधी खा. बाकीची दोन दिवस राहतील." दीड वर्षानंतरचं पहिलं वाक्य ते. ते मी माझ्या वहीत जसंच्या तसं लिहिलं आहे.

त्यानंतर त्यानं काय केलं, तर माझ्या नावाचा तुकडा तोच कसत राहिला आणि दर हंगामाला हिशेब आणून द्यायला लागला. मी मागितला नव्हता, पैसे तर मुळीच नको होते. पण तू वाटा मागितलास ना, मग घे वाटा, असा तो हट्ट होता. सुरुवातीला त्यात राग होता, हे मला कळायचं. नंतर राग कधी गेला आणि नुसता हिशेब कधी उरला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. अडत्याकडून आलेल्या पट्टीच्या पाठीमागं तो बॉलपेननं लिहायचा: इतक्या पाट्या, इतका भाव, हमाली वजा, तोलाई वजा, मजुरी वजा, आणि सगळ्यांत खाली रेघ मारून "ताइचा वाटा", पुढं आकडा. ताईतली 'ई' ऱ्हस्व काढायचा. पहिल्या पट्टीवर मी शिक्षिकेच्या सवयीनं लाल पेननं ती 'इ' दीर्घ केली होती. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळीही त्यानं ऱ्हस्वच काढली. ती एक दुरुस्त केलेली पट्टी माझ्यानं बघवत नाही.

या पट्ट्या मी तारेला टोचून ठेवल्या आहेत. वाण्याच्या दुकानात बिलं असतात तशी लोंबती तार. घरी येणाऱ्यांना वाटतं, बाईंचे शेतीचे कागद असतील. माझ्याकडे धाकट्याचे फोटो आहेत, फोनवरचे आवाजही आहेत, त्यातल्या एकात तर तो नुसतं "ताई, लाइट आली का गं?" एवढंच विचारतो. ते आवाज मी भाच्याकडून दोन-तीन ठिकाणी उतरवून घेतले, कारण फोनचा काही भरवसा नाही. पण माझा भाऊ जर कुठं अख्खा सापडत असेल तर तो त्या पट्ट्यांच्या पाठीवर. त्याचा राग, त्याचा हट्ट, त्याचा सचोटीचा अभिमान, एक रुपया इकडचा तिकडं न होऊ देणं, आणि दुरुस्ती न मानणं, सगळं त्या ऱ्हस्व 'इ'मध्ये आहे.

आता वहीबद्दल. दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर मला आठवतं ते लिहायचं, उजव्या पानावर त्याला आठवत असे ते. हे मी ठरवून केलं नव्हतं. लिहायला बसले आणि लहानपणच्या पहिल्याच आठवणीला अडखळले, कारण त्या आठवणीबद्दल आमचं कधीच एकमत नव्हतं.

ती 72 च्या दुष्काळातली. मी दहा वर्षांची, तो सहाचा. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात तांबड्या मिलोची भाकरी, जी तुटायची पण शिजल्यासारखी लागायची नाही. कामावरच्या पोरांना सुकडी मिळायची, ओंजळीत घालायचे. माझ्या आठवणीत ती गोड आहे, गुळाच्या वासाची. तो म्हणायचा, गोडबीड काही नव्हती, पिठूळ होती. आणि वर म्हणायचा, "तुला गोडच लागणार. माझ्या वाट्याची तूच खाल्लीस." मी म्हणायचे, "खोटं." तो म्हणायचा, "खरं." आम्ही पन्नाशी ओलांडली तरी हे चालू होतं. सणावाराला जेवायला बसलो की पोरं मुद्दाम विचारायची, आणि आम्ही दोघं खरोखर भांडायचो.

आई-वडील गेले तेव्हा मी रडले, पण माझं लहानपण माझ्याकडे राहिलं होतं. धाकटा गेला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की लहानपण आम्हा दोघांच्या नावावर होतं. मिलोची भाकरी, कऱ्हेच्या कोरड्या पात्रात खणलेला झिरा, आईच्या हाताला आलेले खडीचे फोड, हे सगळं पाहिलेलं दुसरं माणूस आता पृथ्वीवर नाही. मी काहीही सांगितलं तरी आता "खोटं" म्हणायला कुणी नाही. सुकडी गोड होती असं मी लिहीन आणि ती गोडच होऊन जाईल. सगळी जमीन एकटीच्या नावावर झाल्यासारखं हे आहे, आणि ते मला नको आहे. म्हणून उजवं पान. त्यावर मी त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिहिते, मला पटो न पटो, खाली माझी टीप न जोडता.

पण त्याचं सगळंच म्हणणं मला कुठं माहीत आहे? म्हणून मी विचारत फिरते. भावजयीला विचारलं. ती आधी गप्प राहिली, मग एका दुपारी वाल सोलता सोलता तासभर बोलली, आणि तिच्या बोलण्यातला नवरा मला अर्धा अनोळखी निघाला. तो रात्री झोपेत आकडे म्हणायचा म्हणे. बागेतल्या मजूर बायांना विचारलं, ज्या शेजाऱ्याशी बांधावरून त्याचं वैर होतं त्यालाही विचारलं. शेजारी बराच वेळ विडी न पेटवता बसला आणि म्हणाला, "आता बांधावर बोलायला कोण आहे?" उजव्या पानांवर हे सगळं आहे. बहीण म्हणून माझा त्याच्यावर हक्क आहे, पण तो एकटीचा नाही. त्याच्यातही वाटेकरी आहेत.

ज्ञानदेवादी चार भावंडांचं स्मरण आपल्या लोकांनी असंच वाटून घेतलं आहे. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके 1218, म्हणजे 1296 साली आळंदीला ज्ञानदेव समाधीला बसले. महिन्यानं मार्गशीर्षात इथं सासवडला सोपानदेव. वैशाखात तापीकाठी मेहूणला मुक्ताबाई. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथ. सात-आठ महिन्यांत चारही गेली, आणि चार दिशांना. मी निवृत्तिनाथांचा विचार फार करते. ते थोरले, ते गुरू, आणि त्यांनाच तिन्ही धाकट्यांना निरोप द्यावा लागला. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत सगळ्यांत जास्त कुणी कोसळत असेल तर ते निवृत्तिनाथ. ज्ञान देणाऱ्यालाच तिथं धीर धरवत नाही. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत तो प्रसंग कीर्तनात सांगितला जातो, नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज सांगतात, आणि ऐकणारी माणसं काल घडल्यासारखी रडतात. मुक्ताईनगरहून भावांना राखी जाते. तिथली पालखी पाचशे किलोमीटरहून जास्त चालून वाखरीला येते, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून येते. समाध्या आहेत तिथंच आहेत, पण नात्याचं येणं-जाणं कुणी थांबवलेलं नाही. सख्ख्या भावानं भावाला वर्षातून एकदा भेटलं पाहिजे, ही काळजी परक्या गावांतली, परक्या जातींतली लाखो माणसं वाहतात. मला लहानपणी त्यात नुसता उत्सव दिसायचा.

आज पहाटे हौदाशी उभी होते. मराठवाड्याकडची ही दिंडी पंधरा-वीस वर्षं आमच्याच मळ्यात उतरते. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, कंबरेतून वाकलेल्या, अंघोळ उरकून ओलं लुगडं पिळत होत्या. मागच्या तीन वर्षी त्या आल्या नव्हत्या, गुडघ्यांनी. त्यांनी बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे पाहिलं.

"मालक दिसंनात?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं लुगडं तसंच धरून ठेवलं. काही वेळ पाण्याचाच आवाज होता.

"तू बहीण का?" म्हणाल्या. "सुकडीवाली?"

मी हो म्हणाले.

"त्यो सांगायचा आमाला, हितंच बसून. दुष्काळात बहिणीनं माझी सुकडी खाल्ली म्हनायचा. बाभळीच्या आड उभी राहून खात हुती, म्या पाह्यलं म्हनायचा. पर आईला न्हाई सांगितलं. तिला भूक लागली आसंल म्हनून."

बाभूळ होती. खडीच्या ढिगाऱ्यापलीकडे, एका बाजूला कललेली. बाभळीचं तो माझ्यापाशी कधी बोलला नव्हता. इतक्या वर्षांच्या भांडणात एकदाही नाही.

बाई लुगडं खांद्यावर टाकून गेल्या. मी घरी येऊन वही उघडली. उजव्या पानावर बाईंचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवले. डावं पान समोर होतं, तिथं माझ्या अक्षरात "खोटं" असं लिहिलेलं होतं, ते खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं. बाहेर टाळ वाजायला लागले होते, बारशीच्या स्वयंपाकाचा धूर मळ्यावर पसरला होता, आणि भाचा हाका मारत होता, की आत्या, हौद भरून वाहतोय, मोटर बंद कर.